अर्धं सूत

त्या वर्षी फुलं वीस दिवस आधी आली. थंडी पडली न पडली तोच कोरडा वारा सुटला आणि माळावरची झाडं कुणाला न विचारता फुलून बसली. ज्यांचं त्यात काही अडलं नव्हतं ते म्हणाले, काय सुरेख दिसतंय. मधवाल्या बाईच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. तिच्या माश्यांना फुलं होती, पण राहायला पेट्या नव्हत्या. ती तडक रस्त्याकडेच्या सुताराच्या शेडमध्ये आली आणि दारातूनच म्हणाली, "महिन्याचा वायदा विसरा. पंधरा दिवसांत चाळीस पेट्या द्या. होतील तशा देत चला, पण द्या."

"होतील," थोरला म्हणाला.

त्याला सगळं गाव थोरलाच म्हणायचं. दोन भाऊ, एक शेड. तीस वर्षं थोरला आणि धाकटा ही नावं एका दमात घेतली जात. आता धाकटा नव्हता, तरी थोरला थोरलाच राहिला होता. कुणापेक्षा थोरला, हे विचारायची सोय राहिली नव्हती.

"धाकटे दिसत नाहीत?" बाई आत डोकावली.

"शहरात असतो आता."

"मग एवढं काम एकटे करणार?"

थोरल्याने कानामागची पेन्सिल काढली, पाहिली आणि परत खोचली. "पेट्या होतील म्हटलं ना, बाई."

बाई गेली. थोरल्याने चाळीस पेट्यांच्या फळ्या मोजल्या आणि मग बराच वेळ चक्रीच्या टेबलाकडे बघत उभा राहिला.

टेबल साधंच होतं. जाड फळ्यांचं, वरून पत्रा ठोकलेलं. मधल्या चिरेतून चक्रीचं दातेरी पातं वर आलेलं, खाली मोटर. पात्याशेजारी एक लांब उभी पट्टी, तिला ते गाइड म्हणत. फळी त्या गाइडला टेकवून पुढे ढकलायची, म्हणजे पातं ती सरळ चिरतं. गाइड जेवढी पात्यापासून लांब, तेवढी रुंद फळी निघते. गाइडचं पुढचं टोक एका बोल्टने आवळता यायचं. मागचं टोक मात्र मोकळं होतं. ते धाकटा धरायचा.

तीस वर्षं हीच रीत. थोरला पुढून फळी ढकलायचा, धाकटा पात्यापलीकडे उभा राहून डाव्या तळव्याने गाइडचं टोक दाबून धरायचा आणि चिरून आलेली फळी उजव्या हाताने ओढून घ्यायचा. मागचं टोक आवळायला एखादा शिकंजा करावा असं दोघांच्या कधी मनातही आलं नाही. घरचा हात असताना लाकडाचा हात कोण करतो?

दोन महिन्यांपूर्वी एका दाराची फळी करपून निघाली होती. चिरेच्या कडेने काळी झालेली, वर लाटेसारखी. लाकूड महागाचं, गिऱ्हाईक समोर उभं. थोरल्याचा पारा चढला.

"लक्ष कुठं असतं रे तुझं?"

"धरलं होतं, दादा."

"धरलं होतं म्हणे! धरायला असं काय लागतं? अक्कल लागते का हत्यार लागतं? तुझ्या जागी दगड ठेवला तरी धरेल."

गिऱ्हाईक हसलं. ते हसलं नसतं तर कदाचित पुढचं काही झालं नसतं. धाकट्याने अंगावरचा भुसा झटकला, फडकं खुंटीला लावलं आणि जेवायच्या वेळेआधीच घरी गेला. आठवड्याने बायकोला घेऊन तो शहरात राहायला गेला. तिथे खोकी बनवायच्या कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. जाताना घराच्या त्याच्या बाजूला कुलूप घातलं आणि किल्ली थोरल्याच्या दारातल्या खिळ्याला अडकवली. थोरला ओसरीत कानशीने करवतीला धार लावत बसला होता. करवतीला धार कालच लावलेली होती.

थोरल्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. लेक लांब दिलेली. धाकट्याच्या बायकोच्या हातचं दोन वेळचं जेवण आणि भिंतीपलीकडून येणारे भांड्यांचे आवाज, एवढाच काय तो त्याचा संसार उरला होता. तोही आता उठला. तो रोज सकाळी आपली ओसरी झाडायचा आणि झाडता झाडता कुलपाच्या दारापर्यंत त्यांचीही झाडून काढायचा. त्याला भाऊ परत यायला हवा होता. ही गोष्ट त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती. माहीत असणं वेगळं आणि तोंडातून काढणं वेगळं.

पेट्यांच्या कामाला पहिल्या दिवशी त्याने एक गंमत केली. गंमत कसली, जिद्दच म्हणायची. शेडमागचा एक चांगला जड दगड उचलून आणला आणि गाइडच्या मागच्या टोकाशी ठेवला. बोलला होता तसं करून पाहिलं.

मोटर सुरू केली तसा दगड टेबलाबरोबर थरथरायला लागला. पहिली फळी बरी निघाली. दुसऱ्या फळीला दगड बोटभर सरकला, तिसऱ्या फळीला कडेवर आला आणि चौथी चालू असताना धप्पदिशी खाली पडला, तो थोरल्याच्या पायापासून वीतभर अंतरावर. थोरल्याने मोटर बंद केली. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि त्याचंही त्याला वाईटच वाटलं.

तरी तशाच रेटून त्याने तीन दिवसांत सहा पेट्या ठोकल्या. कधी दगड, कधी खिळा, कधी एका हाताने फळी ढकलायची आणि दुसऱ्या हाताने पात्यावरून वाकून गाइड धरायची, असलं जिवावरचं काम. संध्याकाळी कंबर धरायची, डाव्या खांद्यातून कळ यायची. मोटर बंद झाली की शेडमध्ये एकदम सामसूम व्हायची. पूर्वी त्या वेळेला धाकटा काहीतरी फालतू बोलायचा, कुणाच्या म्हशीबद्दल, कुणाच्या जावयाबद्दल. थोरला त्याला कायम म्हणायचा, "तुझं तोंड मोटरला जोडलं तर वीज वाचेल."

मधवाली आली, तिने पिशवीतून माश्या जिच्यावर पोळं बांधतात ती आपली चौकट काढली आणि पहिल्या पेटीत सोडली. चौकट अडकली. दुसरीत सोडली, ती एका बाजूला लोंबली.

"हे नाही चालायचं," ती म्हणाली.

"एखादं सूत इकडंतिकडं असेल. माश्यांना काय कळतंय?"

"माश्यांनाच कळतं." बाई बोलायला शांत होती, म्हणूनच जास्त लागत होतं. "चौकट आणि भिंत यांच्यात अडीच सुतांची, म्हणजे पाव इंचाहून जराशी जास्त, फट लागते. जास्त ठेवलीत तर तिथेच पोळं बांधतात. कमी ठेवलीत तर डिंक लावून बुजवून टाकतात, मग चौकट निघता निघत नाही. मागच्या वर्षी तुम्ही दोघांनी दिल्या होत्या त्या पेट्यांत बोटाने चौकट सरकते. तशाच हव्यात."

तिने सहाच्या सहा पेट्या एकावर एक रचून बाजूला ठेवल्या. घेतली एकही नाही. "आठ दिवस बघते," ती दारातून म्हणाली. "नाहीतर मला दुसरीकडे सांगावं लागेल. राग मानू नका."

थोरल्याने राग मानला नाही. मानायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो फाट्यावरच्या वेल्डरकडे गेला. वेल्डर जिभेचा तिखट, पण मनाचा वाईट नव्हता. भांडणाची हकीकत गावभर झाली होती, म्हणजे ती वेल्डरला सगळ्यांच्या आधी कळली असणार.

"काय म्हणतोय दगड?" त्याने डोळ्यांवरचा चष्मा वर करत विचारलं.

"दोन बोल्ट दे. वीतभर लांबीचे. भंगारातले चालतील."

"कशाला?"

"शिकंजे करायचेत. गाइड आवळायला."

वेल्डर भंगाराच्या डब्यात हात घालून खडखडाट करत राहिला. "एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्याला फोन कर की."

"त्यानं करावा."

"तू मोठा आहेस ना?"

"म्हणूनच."

"वा रे वा," वेल्डर म्हणाला. "मोठा म्हणून करायचा नाही, तो धाकटा म्हणून करणार नाही. मग फोन काय मी करू?" त्याने दोन गंजके बोल्ट, नट आणि चार वायसर थोरल्याच्या हातावर ठेवले. "पैसे राहू दे. शिकंजा झाला की दाखव. बघू दे तरी, माणसाच्या जागी काय बसवतोस ते."

थोरला हसला नाही, पण बोल्ट घेऊन घरी येईपर्यंत ते वाक्य त्याच्या पायात घुटमळत राहिलं.

शिकंजा म्हणजे शेवटी काय, तर दोन जबडे आणि त्यांना एकत्र ओढणारा बोल्ट. खालचा जबडा टेबलाच्या काठाखाली, वरचा गाइडच्या बैठकीवर. बोल्ट आवळला की दोन्ही मिळून टेबल आणि गाइड चावून धरतात. थोरल्याने खोक्याच्या मऊ लाकडाचे जबडे कापले, गिरमिटाने भोक पाडलं, बोल्ट घातला आणि आवळला. तिसऱ्या फेऱ्यात जबडा भोकापासून उभा तडकला.

"स्वस्तातलं लाकूड, स्वस्तातलं मरण," तो स्वतःशीच म्हणाला. स्वतःशी बोलायची सवय त्याला हल्लीच लागली होती.

शेडच्या माळ्यावर एका मोडक्या गाडीच्या चाकाचे आरे पडले होते. चाळीस वर्षांचं वाळलेलं लाकूड, रंधा लावला की रंधाच रडायचा. त्यातले चार आरे त्याने काढले. सबंध सकाळ ते तासून चौकोनी करण्यात गेली. वारा आत घुसून भुसा डोळ्यांत उडवत होता. हाताच्या बेचक्यात फोड आला तो फुटला. मग दोन जबड्यांच्या मागच्या अंगाला मध्ये एक ठोकळा बसवायचा होता, तीच शिकंज्याची टाच. टाच त्याने टेबल आणि गाइडची बैठक यांच्या जाडीएवढी बरोब्बर केली, गुण्या लावून, केसाचाही फरक नाही. बोल्ट आवळला. जबडे मागे टाचेशी गच्च बसले, पण पुढे तोंडाशी उघडेच राहिले. त्याने चिमटीने ओढलं तर गाइड सरकली.

तो टेबलाखाली उकिडवा बसून जबड्याच्या तोंडाकडे बघत राहिला. काय चुकतंय ते त्याला दुपारी जेवताना कळलं, घास तोंडात असताना. टाच बरोबर होती हीच चूक होती. टाच जराशी उंच हवी. म्हणजे बोल्ट आवळला की जबडा टाचेवर कलतो आणि तोंडाने चावतो. ताट तसंच टाकून तो शेडमध्ये आला. पत्र्याचा एक तुकडा कापून टाचेवर ठोकला. जबड्यांच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं. बोल्टचं डोकं बसेल अशी सहा कोनांची खोबण पाडून लाकडाची मूठ केली, म्हणजे पान्याची गरज नको, हातानेच आवळता यावं.

संध्याकाळपर्यंत दोन शिकंजे झाले. एक त्याने मागच्या टोकाला लावला, मूठ फिरवली आणि गाइडला दोन्ही हातांनी हिसका दिला. टेबल हललं. गाइड हलली नाही. त्याने पाय लावून ओढलं, तरी नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा त्याला आनंद झाला. घरच्या भंगारातून, फुकटात, असली पकड! त्याने सवयीने पात्यापलीकडे पाहिलं, कुणालातरी दाखवायला. तिथे भिंत होती आणि खुंटीला धाकट्याचं फडकं होतं.

सकाळी कामाला लागला. टेबलाच्या पत्र्यावर पुढे आणि मागे पटाशीने कोरलेल्या खुणा होत्या, नेहमीच्या मापांच्या. त्या थोरल्यानेच कोरल्या होत्या आणि त्यांचा त्याला अभिमान होता. नव्या गिऱ्हाइकाला तो त्या बोट लावून दाखवायचा. गाइड त्याने पुढच्या खुणेवर लावली, मागच्या खुणेवर लावली, पुढे बोल्ट होताच, तरी दोन्हीकडे शिकंजे आवळले. मोटर चालू केली. फळी टेकवून ढकलली.

अर्धी फळी गेली आणि आवाज बदलला. जळका वास आला. चिरेतून धूर निघाला. थोरल्याने आणखी रेटलं, आणि पात्याने फळी पकडून मागे भिरकावली. ती त्याच्या मांडीवर आदळली. तो भुशात बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर पातं मोकळं फिरत होतं आणि मोटर बंद करायला कुणी नव्हतं. तो हातांवर सरकत गेला, बटण गाठलं आणि तिथेच भिंतीला टेकून राहिला. मांडी हळूहळू सुजत होती. दोन बोटं गेली असती तर ती उचलून द्यायलाही इथे कुणी आलं नसतं, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो खरोखरीचा भ्यायला.

तासाभराने तो उठला. फळी पाहिली. कडेने करपलेली, वर लाटेसारखी. ही फळी त्याने आधी पाहिली होती.

त्याने पट्टी घेतली. पात्याच्या पुढच्या दात्यापासून गाइडपर्यंत मोजलं, मग मागच्या दात्यापासून मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मागच्या बाजूला गाइड पात्याच्या जवळ होती. फार नाही, अर्धं सूत. गाइड तर दोन्ही खुणांवर बरोबर होती. म्हणजे खूण चुकीची होती. एवढ्या चिंचोळ्या वाटेत शिरलेली फळी पातं आणि गाइड यांच्यात आवळली जाणार, जळणार, नाहीतर मागे येणार.

खूण कोरली तेव्हा ती बरोबर होती, याबद्दल त्याची खात्री होती. मग त्याला आठवलं. बारा वर्षांपूर्वी मोटर जळली होती, तिच्या तारा नव्याने भरून आणून ती त्यानेच परत बसवली होती. दोन दिवस खपून. कुणाला हात लावू दिला नव्हता. तेव्हा पातं एवढंसं तिरकं बसलं असणार. खुणा मात्र जुन्याच राहिल्या.

मग बारा वर्षं फळ्या सरळ कशा निघत होत्या?

थोरला चालत पात्यापलीकडे गेला. एवढ्या वर्षांत तो तिथे कामाच्या वेळी कधी उभाच राहिला नव्हता. धाकटा उभा राहायचा तिथे उभा राहिला आणि गाइडच्या टोकाशी डावा तळवा टेकवला. तिथे पत्र्यावर, खुणेच्या बाहेर, अर्ध्या सुतावर, एक जागा घासून गुळगुळीत झाली होती. कोरलेली नव्हती. रोज गाइड तिथेच थांबून थांबून झालेली होती.

धाकट्याला ठाऊक होतं. बारा वर्षं त्याने थोरल्याची चूक तळव्याने सरकवून धरली होती आणि एका शब्दाने बोलला नव्हता. आणि त्या दिवशी करपली ती फळी थोरल्याच्या खुणेवर चिरली गेली होती.

थोरला तिथेच खाली बसला आणि रडला. मोठ्याने रडला, ऐकायला कुणी नव्हतं, ही पहिल्यांदाच सोयीची गोष्ट झाली.

त्यानंतर त्याने मागचा शिकंजा घासलेल्या जागेवर आवळला आणि बाईच्या मुदतीचे उरलेले दिवस लंगडत काम केलं. फळ्या लोण्यासारख्या निघाल्या. मधवालीने चौकट सोडली, बोटाने सरकवली आणि म्हणाली, "ह्या खऱ्या. धाकटे आले वाटतं?"

"नाही," थोरला म्हणाला. "आणायला जाणारे."

हे त्याने पहिल्यांदाच तोंडातून काढलं होतं. काढल्यावर सोपं वाटलं.

कारखान्याच्या सुटीच्या दिवशी तो सकाळच्या गाडीने शहरात गेला. बरोबर एका पिशवीत शिकंजा घेतला होता. रस्ताभर तो दोन वाक्यं घोकत होता. खूण माझी चुकली होती. घरी चल. दोनच वाक्यं, पण थोरल्यासारख्याला नुसतं तोंड घेऊन बोलता येत नाही, हातात काहीतरी लागतं. शिकंजा पुढे केला की खुणेचा विषय निघेल आणि खुणेवरून घरी चल म्हणता येईल, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. दार धाकट्याच्या बायकोने उघडलं. "अगंबाई, दादा! अहो, दादा आलेत! पाय का ओढताय, दादा?"

"मांडीला फळी लागली. बरी आहे आता."

धाकटा आतून आला, तोंडाला साबण तसाच. तो जरा भरला होता. कपडे स्वच्छ, केसांत भुसा नाही.

"बस ना," धाकटा म्हणाला. मग पुन्हा, "बस."

चहा झाला. गावात कोण मेलं, कुणाच्या पोरीचं जमलं ते झालं. मग थोरल्याने पिशवीतून शिकंजा काढून भावाच्या पुढ्यात ठेवला.

धाकट्याने तो उचलला आणि त्याचा चेहराच बदलला. त्याने मूठ फिरवली, जबडा उघडला, टाचेवरून अंगठा फिरवला. "आऱ्याचं लाकूड! टाच उंच ठेवलीस. पत्र्याएवढी?"

"पत्र्याएवढी. आधी बरोबर केली होती, तर तोंडच मिटेना."

"मिटणारच नाही. आणि सुटत नाही?"

"टेबल हलतं, हा हलत नाही."

धाकटा खाली बघूनच म्हणाला, "मागं खुणेवर लावतोस?"

"अर्धं सूत बाहेर."

धाकट्याने मान वर केली. "कळलं तुला."

"का नाही सांगितलंस रे?"

"काय सांगणार? दोन दिवस खपून मोटर बसवलीस, सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवलीस. त्यात मी म्हणू, दादा, तिरकी बसली? हातानं होत होतं, मग बोलायचं कशाला." तो ओशाळून हसला. "त्या दिवशी मनगट धरलं होतं माझं. जोर लागला नाही."

"मला म्हणायचं तरी."

"तू म्हणू दिलंस का?"

"नाही," थोरला म्हणाला. "खूण माझी चुकली होती."

पहिलं वाक्य झालं. दुसरं घशाशी आलं होतं. तेवढ्यात धाकटा बायकोकडे वळला आणि शिकंजा वर धरून म्हणाला, "बघितलंस, दादानं काय केलंय? मी इथं घोर लावून बसलो होतो, एकटा त्या पात्यासमोर कसा उभा राहत असेल म्हणून. आता याला माणूसच नको!" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरोखर सुटल्यासारखा हसत होता. बारा वर्षं एक ओझं तळव्यावर धरलं होतं, ते खाली ठेवल्यासारखा.

थोरल्याचं दुसरं वाक्य तिथेच राहिलं.

"दादाला गोड काहीतरी आणतो," म्हणून धाकटा सदरा अडकवून खाली गेला. त्याची बायको कपबशा उचलता उचलता थांबली.

"दादा, एक सांगू? कारखान्यात ह्यांना कायम करतायत. महिना झाला कागद येऊन पडलाय, हे सही करत नव्हते. म्हणायचे, हंगाम संपू दे. दादा एकटा आहे, एकदा बोलवायला आला तर जावं लागेल." तिने पदराने डोळे टिपले. "आज तुम्ही स्वतः येऊन त्यांना मोकळं केलंत. मोठ्या मनाचे आहात. उद्या सही करतील. मलाही इथं बरं वाटतं हो, दादा. चोवीस तास पाणी असतं नळाला."

एवढी वर्षं थोरला तिच्या हातचं जेवला, पण ती हंडे कुठून भरून आणते हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"बरं झालं," तो म्हणाला. "सही चांगली ठसठशीत करायला सांग."

धाकट्याने आणलेलं खाल्लं. दुपारच्या गाडीची वेळ झाली तसा थोरला उठला. शिकंजा कोपऱ्यात, पाण्याच्या माठाशेजारी ठेवलेला होता. थोरल्याने तो पाहिला, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि दाराबाहेर पडला. राहू दे. आज ना उद्या त्यांच्या लक्षात येईल. मग परत द्यायला तरी येईल. आला की शेडमध्ये येईल, टेबलापाशी उभा राहील, एखादी फळी धरेल. मग बघू. गाडीपर्यंत पोचवायला येतो म्हणणाऱ्या धाकट्याला त्याने "ऊन आहे, कशाला" म्हणून दारातच थांबवलं.

गाडी उभीच होती. थोरला खिडकीशी बसला. मांडी ठणकत होती, पण जीव जरा हलका झाला होता. इंजिन सुरू झालं तेव्हा त्याला लांबून पळत येणारा धाकटा दिसला. घामाघूम, पायांत चप्पल नाही. दोन्ही हातांनी छातीशी शिकंजा धरलेला.

"थांबवा, थांबवा!" तो ओरडत आला आणि खिडकीतून शिकंजा थोरल्याच्या मांडीवर ठेवला. त्याला धाप लागली होती, पण चेहरा आनंदाने फुलला होता. "अरे दादा, हा विसरलास! बरं झालं, हिचं लक्ष गेलं. उद्या काम अडलं असतं की तुझं."

त्याने तळव्याने गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ड्रायव्हरला जा म्हणून खूण केली.

"हो ना," थोरला म्हणाला. "अडलंच असतं."